मिठाचं पाणी की औषध

माझी मावशी कपडे दुरुस्त करून देते. पँट लांब झाली, झगा घट्ट झाला, की लोक तिच्याकडे येतात. टेप गळ्यात असतो, पण तो शोभेपुरता. माणूस दारातून आत येईपर्यंत तिने त्याची कंबर डोळ्यांनीच मोजलेली असते. स्वतःच्या नजरेवर तिचा फार भरवसा, आणि तो ती चारचौघांत मिरवतेही.

काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, पायाची जखम चिघळली आणि बघता बघता जंतुसंसर्ग रक्तात पसरला. अतिदक्षता विभागात ते बेशुद्ध पडले होते, अंग सुजून टम्म झालेलं. तिथल्या संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं. लघवी वाढवणारं एक जुनंच औषध. इतक्या गंभीर संसर्गात त्याने फायदा होतो की तोटा, हे त्यांना शोधायचं होतं. बाकीचे उपचार सगळ्यांना सारखेच.

"निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी," त्या म्हणाल्या.

"मग यांना काय देणार?" मावशीने विचारलं.

"ते मलाही कळणार नाही. कॉम्प्युटर ठरवतो."

"म्हणजे देणाऱ्यालाच ठाऊक नाही?"

"तसंच असावं लागतं. नाहीतर आपण हवं तेच बघतो."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. मलाही काडीचं कळलं नव्हतं, नुसती मान डोलवत होतो. शेवटी "तुम्ही म्हणताय तर..." करत तिने सही केली.

त्यानंतर ती खाटेला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीवर डोळा ठेवून बसली. पिशवी भरू लागली. "औषधच मिळालंय!" तिने मला कोपराने ढोसलं. शेजारच्या खाटेवरचे आजोबाही त्याच संशोधनात होते. त्यांची पिशवी मात्र जवळजवळ रिकामी. त्यांच्या सुनेकडे बघायची मावशीला लाज वाटू लागली, जणू हिनेच त्यांच्या वाट्याचं औषध पळवलं होतं.

"अगं, पिशवीवरून कळत नसतं असं," मी म्हटलं.

"तू गप्प बस. तुला शर्टाचं बटण लावता येत नाही."

आणि मग आजोबा सावरले. आमचे काका गेले.

मावशीला काही उमगेना. औषध मिळालं म्हणून गेले, की मिळालंच नव्हतं म्हणून? रडता रडता ती मध्येच थांबायची आणि मलाच विचारायची. मी काय सांगणार, कप्पाळ! शेवटी आम्ही डॉक्टरबाईंना गाठलं.

"संशोधन संपेपर्यंत आम्हालाही बघता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि लघवी औषधाशिवायही वाढू शकते."

"ते राहू दे. मी हो म्हटलं, ते चुकलं का, एवढंच सांगा."

बाई खोटं बोलल्या असत्या तर मला चाललं असतं. पण त्या म्हणाल्या, "खरंच माहीत नाही हो. एका माणसावरून ते कळत नाही. त्याला शेकडो माणसं लागतात."



"तुमच्याकडे असतील शेकडो," मावशी म्हणाली. "माझे हे एकच होते."