शंकर कुणी पाहिला

बंगळूरला थंडी पडते यावर पुण्यातल्या माझ्या नातेवाइकांचा विश्वास नाही. त्यांना जानेवारीतल्या एखाद्या रविवारी पहाटे एचएसआर लेआउटच्या कोपऱ्यावर उभं करायला हवं, कानटोपी घालून, अंधारात, गाडीची वाट बघत. गाडी आमच्या नागपूरकर मित्राची, म्हणजे ती उशिराच येते. पक्षी बघायचे तर लवकर निघावं लागतं, मान्य. पण कधीतरी एखाद्या रविवारी पक्ष्यांनी उशिरा उठायला काय हरकत आहे?

आम्ही चौघं. नागपूरकर गाडी चालवतो आणि वाटेतली खाण्याची ठिकाणं पक्ष्यांपेक्षा चांगली ओळखतो. मुंबईकर इंदिरानगरात राहतो आणि त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स एवढी अवजड आहे की तो तिला सीटबेल्ट लावतो. तिसरी मी. आणि चौथ्या अक्का. अक्का मूळच्या बेळगावच्या, लग्न होऊन इथे आल्या आणि जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. पक्ष्यांचा नाद आम्हाला त्यांनीच लावला आणि नियमही त्यांचाच, की पक्षी दोघांनी पाहिला तरच यादीत धरायचा. एकट्याने पाहिलेला धरायचा नाही, माणूस कितीही शपथा घेवो. नागपूरकराला एकदा एकट्यालाच गरुड दिसला, तेव्हापासून हा नियम आला. ती घार होती असं आमचं ठाम मत आहे.

त्या दिवशी हायवेवर इडली खाताना अक्कांनी गळ्यातली दुर्बीण काढून टेबलावर ठेवली.

"डाव्या डोळ्याचं मधलं गेलंय म्हणे माझ्या," त्या म्हणाल्या. "कडेकडेचं दिसतंय तेवढंच. उजवाही त्याच वाटेवर आहे. आज एक तरी पक्षी तुमच्याआधी मी ओळखला तर सरी, ठीक. नाहीतर ही तुमच्यातल्या एकानं घेऊन जायची आणि मी घरी बसणार. तुमच्या मागनं ओझं होऊन फिरायचं नाही बघा मला."

आम्ही तिघंही एकदम बोलायला लागलो, त्यामुळे कुणाचंच धड ऐकू आलं नाही. अक्का शांतपणे चटणी संपवून हात धुवायला गेल्या. या बाईशिवाय मी कुठल्या तळ्यावर जाणार होते? मला बगळा आणि कावळा सोडून काही कळत नव्हतं तेव्हापासून त्यांनी मला सहन केलं होतं.

"आपण आज आंधळे," मी दोघांना म्हटलं. "कुणी काही ओळखायचं नाही."

"हो ना, काही दिसूनच नाही राहिलं म्हणायचं," नागपूरकर म्हणाला. एवढी सोपी कामगिरी त्याला प्रथमच मिळाली होती.

पहिल्या तळ्यावर उतरलो तर समोरच चित्रबलाक उभे. कमरेएवढे उंच, गुलाबी पिसांचे, पिवळ्या चोचींचे करकोचे, दहा-पंधरा पावलांवर. आम्ही तिघं आभाळाकडे बघत राहिलो. मुंबईकराने लेन्सचं झाकणसुद्धा काढलं नाही. नागपूरकर म्हणाला, "आज पाणी काऊन इतकं रिकामं आहे?" तेवढ्यात त्यातला एक करकोचा आमच्यासमोरून डुलत डुलत निघून गेला.

अक्कांनी आमच्याकडे एकेकाला नीट पाहून घेतलं, मान थोडी तिरकी करून, कारण आता त्यांना तसंच दिसतं. "चित्रबलाक," त्या म्हणाल्या. "आणि हा धरायचा नाही. एवढा मोठा पक्षी माझ्या शेजारणीची म्हैससुद्धा ओळखेल. काय झालंय काय तुम्हाला आज?"

"धुकं," मी म्हणाले. ऊन लख्ख पडलं होतं.

दुसरं ठिकाण म्हणजे वनखात्याचं राखीव पाणथळ. बांधावर बसायला सिमेंटचा कट्टा, खाली चिखल आणि त्यापलीकडे लव्हाळ्यांची दाट रांग. इथे आमची कामगिरी बोंबलली. चिखलात काहीतरी तपकिरी, पट्ट्यापट्ट्याचं दबून बसलं होतं. मुंबईकराला राहवलं नाही.

"पाणलावा!" तो कुजबुजला.

"ढेकूळ आहे ते," नागपूरकर म्हणाला.

"ढेकळाला चोच असते का?"

"काडी आहे बे ती."

आंधळेपण कुठल्या कुठे गेलं. मीही पाणलाव्याच्या बाजूने भांडणात उतरले, कारण नागपूरकर चुकायला हवा अशी माझी कायमची इच्छा असते. मुंबईकराने लेन्स लावून शंभरेक फोटो काढले. ते तपकिरी काही हलेना. तो म्हणाला, "बघ, किती संयम आहे त्याच्यात." शेवटी नागपूरकराने खडा मारला आणि पाणलाव्याचे दोन तुकडे झाले.

"शंकर!" मागून अक्कांचा आवाज आला.

शंकर म्हणजे चिमणीएवढा हिवाळी पाहुणा, गळा निळा. लव्हाळ्यांच्या बुडाशी पळत येतो, शेपटी उडवतो आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच आत. इतक्या हिवाळ्यांत आमच्यापैकी कुणालाही तो कधी दिसला नव्हता. आम्ही गर्रकन वळलो. लव्हाळी होती, चिखल होता, पक्षी नव्हता.

अक्का कट्ट्यावर ताठ बसल्या होत्या. "कडेनं दिसला," त्या म्हणाल्या आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमच्यात कुणी पाहिला?"

"पाहिला!" आम्ही तिघं एका सुरात ओरडलो.

"सरी. कसा होता?"

"गळा निळा होता," मी म्हणाले.

"ते पुस्तकात आहे. गेला कुठं?"

मी डावीकडे बोट दाखवलं. मुंबईकराने उजवीकडे. नागपूरकराने सगळ्यात आत्मविश्वासाने थेट आभाळाकडे, आणि वर म्हणाला, "उडाला ना, अक्का! मस्त भरारी घेतली!"

अक्का आमच्या तीन हातांकडे बघत राहिल्या. मग त्या हसायला लागल्या, अशा की शाल खांद्यावरून खाली गेली आणि मला त्यांना धरावं लागलं. "चालत गेला तो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "समोरच, चालत. नाही धरायचा."

"अहो पण तुम्ही तर पाहिलात!" मला खरोखर रडू येत होतं.

"मी पाहिला. एकटीनं. नियम म्हणजे नियम." त्यांनी दुर्बीण उचलली. मुंबईकराचा हात नकळत थोडा पुढे झाला, तशी त्यांनी ती सरळ स्वतःच्या गळ्यात घातली. "ढेकळाचे शंभर फोटो काढणाऱ्यांना देऊ होय ही? आता स्वल्प तोंडं बंद करा. तिकडं लव्हाळ्याच्या मुळाशी बघत बसा. तुम्हाला दिसेपर्यंत मी येणार आहे दर रविवारी."

आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत बघत बसलो. शंकर काही आला नाही. अक्का मात्र मधूनच एकट्या हसत होत्या.