मुदतीच्या तापाचं गोड औषध

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात माझं औषधांचं दुकान होतं आणि माझी जीभ तिखट आहे, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

एका सकाळी मागच्या गल्लीतल्या शिंप्याची बायको, आमची भाभी, आली. तिच्या सहा वर्षांच्या पोरीला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, झाला होता. आदल्या दिवशी तिनं माझ्याकडूनच कॅप्सूल नेल्या होत्या. लहान पोरांना कॅप्सूल गिळता येत नाही, म्हणून आमच्याकडच्या बाया ती उघडून भुकटी चमचाभर पाण्यात कालवायच्या.

"आक्का, ह्या बारीचं औषध लई ग्वाड हाय की! पोरगी चमचा चाटून खाती. ताप तेवढा उतरंना झालाय."

अहो, ते औषध म्हणजे कडूजहर! जिभेला कण लागला तरी दिवसभर जेवण गोड लागत नाही. मी आदल्या दिवशी तिच्यासाठी उघडलेल्या नव्या डब्यातली एक कॅप्सूल फोडून भुकटी जिभेला लावली. पिठीसाखर! जुन्या मालातलं पाकीट शेजारी धरलं. त्याची छपाई पक्की होती. नव्याची अंगठ्यानं पुसून निघाली.

"भाभी, ते बंद कर. फेकू मात्र नको, सगळं मला परत आणून दे." जुन्या मालातली कॅप्सूल चाखून बघितली, ती कडूच लागली, तेव्हा उरलेल्या तिच्या हातात कोंबल्या. तिच्या डॉक्टरांनाही कळवलं.

मग ज्याच्याकडून माल आला, त्या ठोक व्यापाऱ्याला फोन लावला.

"बाई, गवगवा कशाला? डबा पाठवा, बदलून देतो."

"आणि तो कुणाच्या लेकराच्या घशात घालणार, मेल्या?" मी फोन आपटला.

डबा कपाटात कुलूपबंद केला आणि थेट औषध निरीक्षकांचं ऑफिस गाठलं. ते दुपारी आले, नमुने सील करून घेतले, आणि व्यापाऱ्याच्या गोदामातला तो माल विकायला बंदी घातली.

माझा जीव मात्र त्या पोरीत अडकला होता. तिचं काही बरंवाईट झालं, तर? औषध माझ्याच हातून गेलेलं होतं.

चार दिवसांनी भाभी धापा टाकत दुकानात शिरली. "आक्का, ताप उतारला! सकाळधरनं भाकरी मागून डोस्कं खातीया!"

"भाकरी? अगं, डोकं ठिकाणावर आहे का? पेज दे तिला, पातळ पेज! आतडी अजून नाजूक आहेत तिची!" मी खेकसले, आणि गिऱ्हाइकांच्या देखत काउंटरवर डोकं टेकून ढसाढसा रडले.