जिन्यातली वहिवाट

मांजरीत उसाच्या जागी सात मजली इमारत उभी राहिली, आणि जमीन दिली म्हणून आप्पासाहेब व सोजरबाई या नवराबायकोला वरच्या मजल्यावर घर मिळालं. शेजारी सगळे नोकरदार. त्यांना घर पुरेना, म्हणून जिन्यात आधी चपलांची कपाटं आली, मग सायकली, आणि एका वळणावर तर जुना फ्रीज येऊन विसावला.

सोजरबाईंचं डोकंच फिरलं. पेटलेल्या उसातून एकदा त्या जिवानिशी वाचल्या होत्या, त्या केवळ शेतातली जायची यायची वाट, म्हणजे वहिवाट, मोकळी होती म्हणून.

"जिना म्हंजी वहिवाट हाय. वहिवाट कुनी नांगरतं का?" असं विचारत त्या दारोदार फिरल्या. लोक तोंडावर हो हो म्हणत आणि दार लावून हसत. हसोत बापडे! अशी एक तरी बाई प्रत्येक इमारतीत हवी.

दुसऱ्या मजल्यावरचे श्रीधर साने मात्र हसले नाहीत. "अहो सोजरबाई, गच्चीच्या दाराला आपल्या यजमानांनी कुलूपबंद जाळी बसवली आहे. खाली धूर कोंडला, तर आम्ही वर कुठे जायचं? का ती वहिवाट फक्त आपली?"

सोजरबाईंना मान वर करवेना. जमीन आपली होती, म्हणजे गच्चीही आपलीच, असं आप्पासाहेब धरून चालले होते. आता ती जाळी हलल्याशिवाय कुणाला एक शब्द बोलायची सोय उरली नव्हती.

जेवायला बसल्यावर त्यांनी विषय काढला. "ती जाळी काढून टाका."

"जमीन माझी व्हती."

"व्हती की. तुमच्या चुलतभावानं, हिंदुरावानं, बी आसंच म्हनून आपली वाट नांगरली व्हती. तवा कोर्टाच्या पायऱ्या कोन झिजवत व्हतं?"

आप्पासाहेब भरल्या ताटावरून उठले. सोजरबाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं. नवऱ्याच्या वर्मावर बोट ठेवल्याचं त्यांना वाईट वाटत होतं, पण शब्द काही त्यांनी मागे घेतला नाही. काय छाती असेल या बाईची!

सकाळी आप्पासाहेब स्वतःच बजरंग वेल्डरला घेऊन आले. ठिणग्या उडाल्या, जाळी खाली आली. बजरंग हत्यारं आवरू लागला, तसा आप्पासाहेबांनी त्याचा हात धरला.

"बिजागऱ्या बी काप," ते म्हणाले. "ऱ्हायल्या तर उद्या मीच परत बसवीन."