पहिले तीन सेकंद

एकोणीस वर्षांत को श्वेमूनं एकाही मृताचं बोलणं पुरतं ऐकलं नव्हतं. अंत्यविधीगृहाच्या तीन नंबरच्या दालनामागं त्याची खुराड्याएवढी खोली होती. त्यात एक संगणक, एक खुर्ची आणि दालनाकडच्या काचेवर जाड पडदा. घरच्यांनी आणलेला मृताच्या शेवटच्या बोलण्याचा व्हिडिओ लावायचा, एका कानाला हेडफोन धरून पहिले तीन सेकंद आवाज तपासायचा आणि थांबवायचा. "सगळं ऐकत बसलो असतो, तर दुसऱ्याच वर्षी मी पलीकडे शवपेटीत असतो," असं तो म्हणे. पूर्वी तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा. बायको गेल्यावर ते काम त्याच्यानं होईना. अभिमान एकाच गोष्टीचा होता. त्याच्या दालनात व्हिडिओचा पडदा आजवर कधी काळा पडला नव्हता.

त्या दिवशी यी-छन नावाच्या बाईचा अखेरचा निरोप होता. वय एक्केचाळीस, पोटाचा कर्करोग. मुहूर्त नऊ वीसचा. व्हिडिओ आदल्या दिवशी द्यायचा असा नियम होता. तिचा नवरा पो-युआन सकाळी नऊला पेनड्राइव्ह घेऊन उगवला.

"को दादा, तिनं आईसाठी केलाय हा. इस्पितळात, एकटीनं. मी पाहिलेला नाही, माझ्यानं पाहवेना. आता सगळ्यांबरोबरच पाहीन."

"आणि आई?"

आई दाराशीच उभी होती. श मावशी, लहानखुरी, हातात ओली छत्री. लेकराच्या निरोपाला आईबापांनी बसायचं नसतं, म्हणून तिला घरी ठेवायचं ठरलं होतं. ती पहिल्या बसनं निघून आली होती. तीन महिने लेकीनं तिला इस्पितळात येऊ दिलं नव्हतं. पेटीत ठेवतानाही तिला लांबच ठेवलं.

"दालनात नाही येत मी," ती म्हणाली. "इथं कोपऱ्यात बसते. एकदा व्हिडिओत तोंड बघते तिचं आणि जाते."

श्वेमूनं तिला आपली खुर्ची दिली आणि व्हिडिओ लावला. "आई..." असा आवाज कानात स्वच्छ आला. संगणकाचा पडदा मात्र काळाच. त्यानं सवयीनं थांबवलं.

"फोन नवा, आमचा संगणक म्हातारा. होतं असं. घाबरू नका, मावशी."

आधी त्यानं दुसऱ्या घरचा व्हिडिओ लावून पाहिला, तो नीट चालला. म्हणजे दोष फाइलमध्ये. ग्राफिक कार्डाची मदत बंद केली, प्रोग्राम पुन्हा उघडला. काळं. दुसऱ्या प्रोग्राममध्ये लावलं. काळंच. दर वेळी तीन सेकंद, दर वेळी "आई...", आणि थांब.

सूत्रसंचालक फांग बाईंनी दारातून डोकं घातलं. "श्वेमू, पाच मिनिटं राहिली. तिचा फोटो ठेव आणि नुसता आवाज सोड."

"अर्धवट नाही सोडणार. माझ्या दालनात नाही."

"तुझं दालन! भाडं भरतोस वाटतं?" मग खुर्चीतली मावशी दिसली आणि त्यांनी डोकं बाहेर घेतलं.

शेवटचा उपाय म्हणजे फाइल जुन्या प्रकारात बदलून घ्यायची. त्याला चाळीस मिनिटं लागणार होती. मुहूर्त थांबत नसतो. नऊ वीसला विधी सुरू झाले, व्हिडिओच्या जागी बासरी वाजली. उदबत्त्या लावून झाल्यावर पो-युआननं एकदा काचेकडे पाहिलं. श्वेमूनं काचेवरचा पडदा ओढून घेतला. दहाच्या आधी पेटी हलली. पेटी गेल्याचं मावशीला पावलांवरून कळलं. ती उठली नाही, संगणकावरची हिरवी पट्टी सरकताना बघत राहिली.

पट्टी भरली. श्वेमूनं व्हिडिओ लावला. काळं. या वेळी चित्र शोधण्याच्या नादात तो थांबवायला विसरला, आणि दालन रिकामं म्हणून हेडफोनही काढून ठेवला होता. काळ्याच्या एका कडेला तांबूस उजेड दिसला, दिव्यावर बोटं धरली की दिसतो तसा.

"आई... मी कॅमेऱ्यावर हात ठेवलाय गं. आता मी जशी झालेय ना, तशी तू बघू नकोस. नुसती ऐक. तू डब्यातून पाठवायचीस ती माशाची पेज माझ्या घशाखाली उतरायचीच नाही. पो-युआन खायचा. वाटी चाटून खाल्ली म्हणायचे, ते खोटं. आणि पो-युआन, तूही बसला असशील तिथं. जिन्यात जाऊन रडायचास, मला ऐकू यायचं. तोंडावर सांगायला जमलं नाही. माझ्यासाठी तू कमी पडला नाहीस. आता घरी जाऊन झोप."

संपलं. सगळं मिळून पाऊण मिनिट.

"म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं?" मावशीनं विचारलं.

"नाही."

"मग इतका वेळ काय नीट करत होतात?"

त्यानं मान खाली घातली.

"पो-युआनला बोलवा," ती म्हणाली. "त्याच्यासाठीही होतं त्यात."

पेनड्राइव्ह उपटून, तिथं तो लावायला काही नसणार हेसुद्धा न सुचता, श्वेमू मागच्या अंगणातून दाहगृहाकडे धावला. पोचला तेव्हा दुसऱ्या भट्टीचं लोखंडी दार खाली येत होतं आणि रीतीप्रमाणे घरचे सगळे गुडघ्यांवर बसून आत गेलेलीच्या आत्म्याला ओरडून सांगत होते.

"यी-छन, आग आली! पळ!"

सगळ्यात मोठा आवाज पो-युआनचा होता. दार टेकलं, बाकीचे थांबले, तरी तो ओरडतच राहिला.