शालनचं पथ्य

शालन माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या हनुवटीवर तीन आणि कपाळावर दोन पुटकुळ्या होत्या. मी त्या मोजल्या होत्या. मला मोजणं भागच होतं, कारण आमच्या कारखान्यात सगळं त्यावरच ठरायचं.

ही छप्पन सालची गोष्ट. पिंपरीत रेल्वे फाटकाच्या अलीकडे आमच्या दोन खोल्या होत्या आणि चिंचवडच्या बाजूला इंजेक्शनच्या बाटल्या भरायचा एक छोटा कारखाना होता. तिथे मी तीन वर्षं काम करत होते. बाटल्या भरायची खोली चारी बाजूंनी काचेची. आत जायचं तर पांढरा डगला, डोक्याला फडकं, तोंडाला फडकं. दर सोमवारी सकाळी कारखान्याचे डॉक्टर त्या खोलीच्या दाराशी उभे राहायचे. आम्ही एकेकीने पुढे व्हायचं, हात उलटसुलट करून दाखवायचे, चेहरा उजेडाकडे करायचा. तोंडावर किंवा हातावर फोड दिसला, की ती बाई त्या आठवड्यात बाहेर, बाटल्या धुवायच्या शेडमध्ये. शेडमधलं काम रोजंदारीचं. कायम व्हायचं तर काचेच्या खोलीतच. या नियमाला मी कधी नावं ठेवली नाहीत. त्या बाटलीतलं पाणी कुणाच्या तरी शिरेत जायचं असतं.

शालन माझ्या माहेरच्या गावची, आंबेगावकडची. विसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून भावाच्या घरी. भाऊ आबाजी, माणूस वाईट नव्हता, पण तिला जन्मभर पोसायची त्याची तयारी नव्हती आणि तसं तो तोंडावर सांगायचा. चाकणच्या पुढे भामा नदीकाठी एक रंगराव म्हणून होते, पन्नाशीला टेकलेले, बायको वारलेली, चार मुलं. आबाजीला तिथे शालनचा पाट लावायचा होता. शालनने रंगरावांना एकदाच पाहिलं होतं. ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत, फक्त आबाजीला विचारलं, हिला धारा काढता येतात ना.

त्यावर मीच मध्ये पडले. मी म्हटलं, पोरीला माझ्याकडे पाठव, कारखान्यात लावते. आबाजीने मुदत घातली. म्हणाला, दिवाळीपर्यंत कायम झाली तर मी काही बोलणार नाही, नाही झाली तर ती माझं ऐकणार. शालनने मान डोलावली आणि श्रावण लागता लागता पत्र्याची पेटी घेऊन पिंपरीला आली.

तिची नजर काय होती ते सांगायला पाहिजे. भरलेली बाटली दिव्यासमोर धरून आत कण, धागा दिसतो का ते बघायचं काम असतं. मला अजून दोनदा फिरवून बघावी लागते. शालन एकदाच बघायची आणि बाटली बाजूला काढायची. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी पुटकुळ्यांकडे कानाडोळा करून तिला आत घेतलं ते या नजरेपायी. नंतर मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं, "चेहरा साफ करा. तेलकट, तिखट, शेंगदाणे, गूळ, सगळं बंद. या यीस्टच्या गोळ्या घ्या. दिवाळीआधी चेहरा निर्मळ दिसला तर कायमच्या यादीत नाव घालतो." तोवर तिची रवानगी शेडमध्ये झाली.

शेंगदाणे आणि गूळ बंद म्हणजे शालनचा जीवच बंद. आमच्याकडे शेंगांच्या ढिगाशेजारीच पोरं वाढतात. भूक लागली की ओच्यात मूठभर शेंगा, वर गुळाचा खडा. त्या पोरीला दुसरा कसला शौक नव्हता. फाटकाशी एकाची भट्टी होती, तो वाळूत शेंगा भाजायचा. त्या वासाने तिचे पाय तिथेच अडायचे. मग ती मला म्हणाली, "ताई, आपण काळेवाडीच्या अंगानं जाऊ." रोज अर्धा तास जास्त चालून आम्ही घरी यायचो, भट्टी चुकवायला. जास्तच जीव कासावीस झाला तर कडुनिंबाचा पाला चावायची. तोंड इतकं कडू व्हायचं की मग पाणीसुद्धा गोड लागायचं, असं म्हणायची आणि हसायची.

आणि गुण येत होता. गणपती उठले तेव्हा कपाळ साफ झालं होतं आणि हनुवटीवर एकच राहिली होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं सगळं मी केलं.

माझ्याकडे रक्तशुद्धीच्या औषधाची बाटली होती. पुण्याहून आणलेली, तपकिरी, चिकट, लोखंडासारख्या चवीची. माझ्या तिसऱ्या बाळंतपणानंतर मला ती मानवली होती, निदान मला तसं वाटत होतं. मला सल्ला द्यायची खोड आहे. माझा नवरा म्हणतो, हिला रस्त्यात कोणी शिंकलं तरी ही काढा सांगते. त्यात मला घाई झाली होती. शालनला कायम करून आबाजीपुढे ताठ मानेने उभं राहायचं होतं. मी बाटली काढली आणि सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा सुरू केला. म्हटलं, गोळ्यांनी वरवर एवढं झालं, आतून रक्त साफ झालं की परत येणारच नाही.

दहा दिवसांत तिचा चेहरा भरून आला. पूर्वीच्या पुटकुळ्या बारीक होत्या. या लाल, टणक, पू धरलेल्या. गालांवर, कानाखाली, मानेवरसुद्धा.

मी काय केलं असेल? मी तिचा डबा हुंगला. तिच्या पेटीत लुगड्यांच्या घड्यांमध्ये शेंगांची टरफलं शोधली. शेवटी तिचं तोंड उघडायला लावून वास घेतला. तेवीस वर्षांची बाई माझ्यापुढे आ करून उभी राहिली.

"खाल्लंस ना?"

"न्हाई ताई. शपथ घेते."

"मग हे आभाळातून पडलं का?"

तिला रडू फुटलं. मग तिने कबूल केलं की परवा माझ्या घरासाठी दाण्याची चटणी कुटताना बोटाला लागलेली चटणी तिने चाटली होती. एवढंच. मी तिला इतकं बोलले की शेजारीण डोकावून गेली. आणि एका चमच्याचे दोन चमचे केले.

त्यानंतर त्या पोरीने काय काय सोडलं त्याला सुमार नाही. आधी मीठ सोडलं. मग दूध. मग वरण. नवरात्रात सगळ्या बायकांचे उपास, साबुदाण्यात दाण्याचं कूट, तेवढं तरी खाऊ का म्हणून तिने विचारलं, मी नाही म्हटलं. ती कोरडी भाकरी पाण्यात बुडवून खायची. गालफडं बसली, पण त्यावरचे फोड तसेच. धुतलेल्या बाटल्यांची पाटी तिला एकटीला उचलवेना. वेणी घालताना ती आरशाकडे पाठ करून बसायची.

"ताई, आता काय सोडू सांगा," ती एकदा म्हणाली. "तुमी सांगाल ते सोडते. मला तिथं नगा जाऊ देऊ."

मी म्हटलं, औषध चालू ठेव, रोग बाहेर पडतोय, बाहेर पडला की संपेल. हे मी कुठे ऐकलं होतं कोण जाणे. पण मी ते अशा ठामपणे सांगितलं की तिने डोळे पुसले आणि स्वतःच जाऊन चमचा भरून घेतला.

डॉक्टरांनी तिच्याबद्दलचा निर्णय दोनदा पुढच्या सोमवारवर ढकलला. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "माझ्या गोळ्यांशिवाय दुसरं काही औषध घेता का?" शालनने माझ्याकडे पाहिलं. मी रांगेत मागेच होते. मी हळूच नाही अशी मान हलवली. ती नाही म्हणाली.

त्या संध्याकाळी मी तिला पढवलं. दिवाळीआधीचा शेवटचा सोमवार आठवड्यावर आला होता. मी म्हटलं, "बाहेरचं औषध चालू आहे म्हणालीस तर त्यांना वाटेल, हिला काहीतरी जुना रोग आहे. रोगी बाईला कोण कायम करतंय? त्यापेक्षा सांग, राहवलं नाही, शेंगदाणे खाल्ले. खाण्याने आलेलं खाणं सोडल्यावर जातं, हे त्यांनाही माहीत आहे. आणखी पंधरा दिवस देतील, तोवर आबाजीला मी थोपवते."

"पण म्या खाल्लं न्हाईत, ताई."

"मला माहीत आहे गं. सांगायला काय जातंय?"

खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. ती चोरून खाते असंच मला शेवटपर्यंत वाटत होतं.

सोमवारी दाराशी डॉक्टरांनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला, मानेवरचे फोडही पाहिले. मग विचारलं, "असं कशानं झालं?"

"शेंगदाणे खाल्ले, साहेब," शालन म्हणाली. "राहवलं न्हाई."

डॉक्टर चिडले असते तर बरं झालं असतं. ते थकल्यासारखे म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी मी दोनदा थांबलो. एवढी एक जीभ आवरली नाही तुम्हाला. आत नियम पाळायचे असतात ते असेच, कोणी बघत नसताना." त्यांनी कागदावर रेघ मारली. मग मी पुढे झाले. माझा चेहरा स्वच्छ होता. मी आत गेले.

दुपारी सुट्टीत ती शेडच्या पायरीवर बसली होती. मला बघून उठली आणि म्हणाली, "ताई, नीट बोलले न्हवं मी?"

भाऊबीज झाल्यावर आबाजी आला. त्याने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. मी म्हटलं, अशा चेहऱ्याने पाट लावतोस, थोडं थांब तरी. तो म्हणाला, "रंगराव परवाच येऊन गेलं. म्या त्यांना सांगितलं समदं. त्वांडाचं त्यांना काय न्हाई म्हनले, कामाला चांगली आसली म्हंजी झालं." शालन पेटी घेऊन त्याच्या मागोमाग गेली. जाताना तिने औषधाची बाटली फळीवर पुसून ठेवली होती, निम्मी उरलेली.

पौषात काचेच्या खोलीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या गौहरच्या पायाला खाज सुटली. माझी खोड काही गेली नव्हती. निम्मी बाटली मी तिला दिली. आठ-दहा दिवसांत तिच्या कधी डाग न पडलेल्या चेहऱ्यावर लाल टणक फोड उठले. सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही घेता का. गौहरला कोणी पढवलं नव्हतं. तिने सरळ पिशवीतून बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

डॉक्टरांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. "यात आयोडाइड आहे," ते म्हणाले. "ज्यांना फोड नाहीत अशा कित्येकांनाही यानं फोड येतात, आणि ज्याला आहेत त्याचं तर विचारू नका. फेकून द्या. महिना-दीड महिन्यात सगळं जाईल."

मी रांगेतून बाहेर आले. मग सगळ्या जणी आत गेल्यावर डॉक्टरांना शालनचं सांगितलं, चमच्यांसकट, शेंगदाण्यांसकट. ते म्हणाले, "तिच्यासारखी नजर मला अजून मिळालेली नाही. चेहरा साफ झाला असेल तर बोलवा. जागा आहे, मी लिहून देतो."

रविवारी मी एसटीने चाकणला गेले आणि तिथून पुढे पायी. वाटेत मनातल्या मनात सगळं जुळवत होते. आधी माफी मागायची, मग जागेचं सांगायचं. रंगरावांना तिचा पगार नको असेल असं थोडंच आहे, त्यांना मी पटवेन, पटवण्यात माझा हात कोण धरणार.

रंगरावांची थोरली बहीण सुभद्राबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. माझी ओळख सांगितल्यावर तिने कौतुकाने बसवून घेतलं आणि आत हाक मारली. शालन पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिचे हात शेणाने भरलेले होते ते घाईने धुतलेले दिसत होते. चेहरा इतका स्वच्छ होता की मी बघतच राहिले. एक डाग नव्हता.

"काय बघताय?" सुभद्राबाई हसली. "आली तवा बघवत नव्हतं. आमी काय दवा क्येली न्हाई, पथ्य क्येलं न्हाई. आपसूक निवळलं. लगीन मानवलं बगा आमच्या शालनला. गावात समद्या बाया तेच म्हनत्यात."

शालन माझ्यासमोर खाली बसली. तिने नणंदेकडे एकदा पाहिलं आणि मग मला विचारलं, अगदी साधं, कुठला राग नाही, टोमणा नाही.

"ताई, आता मी समदं खाते. तेल, तिखाट, शेंगा. तरी एक फोड येत न्हाई. तवा उपाशी मरत व्हते तरी येत व्हते. आसं का झालं आसंल वो?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तर माझ्या तोंडात होतं, तेच सांगायला मी एवढी वाट चालून आले होते. सुभद्राबाईचा हात तांदळात थांबला होता आणि तीही माझ्याकडे बघत होती.

"लग्न मानवलं गं तुला," मी म्हटलं.

चहा झाला. जागेचा विषय मी काढला नाही. दुपारच्या एसटीने मी परत आले. सोमवारी दाराशी डॉक्टरांनी विचारलं, काय झालं त्या बाईचं. मी चेहरा उजेडाकडे केला आणि सांगितलं, ती यायला तयार नाही.