गादीवाल्या चाचांची कमान

चंद्रपुरात आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या मशिदीसमोर एका गादीवाल्या चाचांचं दुकान आहे. त्यांच्या भुवयांवर कायम कापूस असतो आणि तोंडात मशिदीचा इतिहास. गिऱ्हाईक आलं की ते दगडी कमानीकडे बोट दाखवतात. "गोंडराजानं किल्ल्याच्या परकोटाचा उरलेला दगड देल्ला, भाऊ. चारशे साल झाले." पुढच्या गिऱ्हाइकाला ते पाचशे साल सांगतात. मी हसलो की म्हणतात, "त्याची गादी डबलबेडची होती ना."

मागच्या वर्षी मशिदीच्या कमिटीनं ती कमान पाडून टाइल्सचं उंच दार करायचं ठरवलं. कमान ठेंगणी आहे, उंच माणसांची डोकी तिच्यावर आपटायची. बैठकीत माइक लावायला मी गेलो होतो. चाचा उठले आणि थेट राजापासून सुरू झाले. अध्यक्षांनी विचारलं, "चाचा, याचा पुरावा काय?"

चाचांनी भुवयांवरचा कापूस पुसला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "पुरावा नाई माह्याजवळ. मी तं अंदाजानंच सांगून राह्यलो. पण पाडल्यावर खरं काय होतं, ते कोणाले समजन?"

अध्यक्षांनी चहा मागवला. कमान राहिली.

दुसऱ्याच दिवशी चाचांनी हिरव्या कापडाची चिंचोळी गादी शिवून कमानीच्या कडेला, डोकं आपटतं तिथं, बांधली. शुक्रवारी एक उंच पाहुणा तिच्यावर आपटला आणि चकित होऊन ती चाचपू लागला.

चाचा दुकानातूनच म्हणाले, "कोरपन्याचा कापूस आहे, साहेब. बिनधास्त आपटा."