कौतिक शिंप्याची कुऱ्हाड

कौतिक शिंप्यानं आयुष्यात एक झाड तोडलं नव्हतं. दारातल्या निंबाची फांदी शिलाई मशीनवर लोंबायला लागली, तर तो फांदी छाटत नसे, मशीन सरकवत असे. तरीही एरंडोल-पारोळ्याच्या त्या पट्ट्यात झाडतोड्या म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं जो माणूस उभा राही, तो कौतिकच.

त्याचं गाव अंजनखेडे. मागं टेकड्या आणि टेकड्यांवर अंजनाचं रान. सत्त्याऐंशीच्या सुमारास जळगावच्या पिंप्राळ्यातून सुरेशचंद सर त्या भागात स्कूटरवर हिंडू लागले. वडिलांचं किराणा दुकान भावावर सोपवून त्यांनी एका संस्थेचं काम अंगावर घेतलं होतं. झाडं राखा, चराई आवरा, सरपणाला वाळकंच आणा, असं ते गावोगाव सांगत. बोलणं गोड होतं, चित्रांचे तक्ते रंगीत होते. पण सभेला माणसं यायची ती चहा होईपर्यंत. शेवटी सर म्हणाले, भाषण पुरे, आता नाटक करू.

नाटकात मोठी कामं दोनच. एक अंजनाचं झाड आणि दुसरं ते तोडणारा. झाडाचं काम सरपंचाच्या धाकट्या भावाला, झुलाल पाटलाला मिळालं. तो उंच होता, देखणा होता, आणि सरपंचाचा भाऊ होता. तोडणाऱ्याचं काम मात्र कोणी घेईना. कौतिकला झुबकेदार मिशा होत्या, भजनात कमावलेला आवाज होता आणि कुणाला नाही म्हणायची सवय नव्हती. सुताराकडून सरांनी त्याला एक कुऱ्हाड करून आणली. दांडा खरा, पातं पत्र्याचं, त्याला चंदेरी रंग.

कौतिकनं ती कुऱ्हाड गजपट्टीसारखी धरली आणि पुढची चार-पाच वर्षं तशीच धरली. पण काम काय करायचा! मिशीला पीळ देत तो यायचा, "कोन शे रे जंगलना मालक? मी शे मालक!" असं गरजायचा, आणि बायकांमधली लेकरं आईच्या पदराआड जायची. मग घाव पडायचे. झुलाल हिरवं लुगडं पांघरून उभा असायचा. तो हळूहळू वाकायचा, "माय वं, मनी सावली कोन दी आते तुम्हले?" असं म्हणत कोसळायचा, आणि अख्खं गाव रडायचं. नाटक संपलं की बाया झुलालच्या पायांवर पाणी घालायच्या. कौतिकसाठी कुणी चहाचा कप पुढं करायचं नाही.

एका गावात तर एक म्हातारी खेळ चालू असताना उठली आणि तिनं कौतिकच्या कानाखाली वाजवली.

"मुडदा पडो तुना! तुले लाज नही वाटस?"

सरांनी नंतर त्याचा खांदा थोपटला. म्हणाले, "कौतिकभाऊ, याहून मोठं बक्षीस नटाला मिळत नाही." कौतिकला ते पटलं. गाल सुजला होता, तरी घरी येऊन त्यानं बायकोला, तानुबाईला, ते कौतुकानं सांगितलं. तानुबाईनं गालाला हळद लावली आणि विचारलं, "आनि झुलालभाऊले काय भेटनं?"

"नारळ."

"मंग नारळवालं काम मांग ना."

पण कौतिकला आपलं काम आवडायला लागलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या मापानं कापड कापणाऱ्या माणसाला संध्याकाळी घटकाभर कुणीतरी घाबरतं, यात त्याला सुख वाटे.

हे सुख महाग पडू लागलं ते नव्वद साली. रानातली जुनी अंजनं खरोखरच एकेक करून जाऊ लागली. सकाळी गुराखी जायचे तर नुसता बुंधा उरलेला, ताज्या ढलप्या पडलेल्या. अंजनाचं लाकूड लोखंडासारखं. घराच्या खांबाला लावलं तर त्याला मरण नाही. कोण नेतं, कळेना. आणि कळत नसलं की माणूस ओळखीचं नाव शोधतो. पारोळ्याच्या बाजारात भाजीवाली कौतिककडे बघून शेजारणीला म्हणाली, "हाऊच तो, कुऱ्हाडवाला." कुजबूज वनरक्षक धनसिंगच्या कानावर गेली. तो एक दिवस कौतिकच्या घरी आला आणि त्यानं झडती घेतली. कोठीमागून पत्र्याची कुऱ्हाड निघाली.

"हे काय आहे?"

"साहेब, नाटकनी शे ती. तुम्हीच टाळ्या वाजाडेल व्हत्यात."

धनसिंगनं पात्यावरून बोट फिरवलं. बोटाला चंदेरी रंग लागला. तरीही त्यानं कुऱ्हाड जप्त केली. रिकाम्या हातानं परतणं त्याच्या हुद्द्याला शोभलं नसतं. सरांनी एरंडोलच्या वनकचेरीत दोन खेपा घातल्या तेव्हा ती सुटली.

हे सगळं कौतिकनं हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच वर्षी त्याची मुलगी पुष्पा हिची सोयरीक मोडली. मुलाकडची माणसं पाहायला आली, ओट्यावर बसली, आणि मुलाच्या मामानं कौतिकला पाहताच उपरणं झटकून सगळ्यांना उठवलं. मामानं नाटक पाहिलं होतं, शिवाय जप्तीचंही ऐकलं होतं. पोह्यांच्या ताटल्या तशाच राहिल्या. पुष्पा आत चुलीपाशी बसून राहिली. नंतर तिनंच त्या ताटल्या उचलून घासल्या. कौतिकला ते जास्त लागलं.

आठवड्यानं अंजनखेड्यातच खेळ होता. कौतिक सरांपुढं उभा राहिला.

"सर, एक डाव माले झाड व्हवू द्या. मना गावमा तरी."

सरांना त्याचं दुःख कळलं. त्यांनी झुलालला विचारलं. झुलाल आधी काचकूच करू लागला. "मला कुठं जमतंय ते वाईट काम," म्हणाला. पण सरांपुढं त्याला फार ताणता येईना.

मारुतीच्या पारापुढं सगळं गाव बसलं होतं. कौतिक हिरवं लुगडं पांघरून उभा राहिला. झुलालसारखं कोसळायचं नाही, फांदी-फांदीनं मरायचं, असं त्यानं घरी आठवडाभर घोकलं होतं. झुलाल कुऱ्हाड घेऊन आला. पहिली दोन वाक्यं त्यानं चाचरतच म्हटली. मग घाव घालायची वेळ आली आणि त्याच्या हातांना जणू घर सापडलं. तळहातावर थुंकला. कौतिकभोवती एक फेरी मारून वर बघितलं, झाडाचा कल कुणीकडं आहे ते अजमावलं. मागच्या बाजूला दांडा अडकेल अशी काल्पनिक फांदी खटकन उडवली. पाय फाकवून उभा राहिला. आणि समोर बसलेल्या माणसांकडे हात करून, अगदी सहज, म्हणाला,

"सरका रे, अठे पडी."

समोरची माणसं सरकलीसुद्धा. मग घाव. एक वरून तिरपा, एक खालून आडवा, पुन्हा वरून, ढलपी निघावी तसा. कौतिक इकडं फांदी-फांदीनं मरत होता. त्याचे ओठ थरथरले, हात गळाले, त्यानं मान टाकली. ते कुणीही पाहिलं नाही. गाव झुलालच्या हातांकडं बघत होतं. खांबासाठी, जुवासाठी कधीतरी कुऱ्हाड चालवलेली माणसं होती ती. नाटक कुठं संपलं हे त्यांना बरोबर कळलं.

बायकांच्या घोळक्यातून तानुबाईचा आवाज आला.

"झुलालभाऊ, नाटकमा इतली तयारी व्हस नही. हाई रोजनी सवय शे."

आधी बायकांत खसखस पिकली. मग एकदम सगळेच हसले. झुलालनं हातातल्या कुऱ्हाडीकडे पाहिलं आणि ती खाली ठेवली. कौतिक अजून मेलेलाच पडला होता. टाळ्या का पडत नाहीत म्हणून त्यानं एक डोळा उघडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाया सरपणाच्या निमित्तानं झुलालच्या मळ्याकडून गेल्या. कडब्याच्या गंजीमागं अंजनाचे सोट रचलेले होते. बोभाटा झाला, पण सरपंचाच्या घरचं प्रकरण. गावानं ते गावातच मिटवलं. सोट शाळेच्या पडवीला लागले. धनसिंगनं पडवीचं कौतुक केलं आणि लाकूड कुठलं ते विचारलं नाही. कौतिकची माफी कुणी मागितली नाही, कारण त्याच्यावर आळ घेतला होता हेच कुणाला आठवेना.

पुढं गावोगाव वन समित्या निघाल्या. अंजनखेड्यात अध्यक्ष कोण, यावर चावडीत बैठक झाली. कौतिकचं नाव सरांनी सुचवलं. म्हातारा भिकन आबा म्हणाला, "कौतिक भला माणूस शे. पन त्याले चोर कथाईन, कोन्ती वाटनं येस ते काय मालूम?" झुलाल बिनविरोध निवडून आला. सरांना रागानं जेवण गेलं नाही. आणि मग गंमत अशी, की झुलालनं रान खरंच राखलं. कुठल्या घळीतून गाडी उतरते, कुठल्या अमावस्येला बाहेरचे येतात, सगळं त्याला पाठ. त्याच्या हद्दीत चोरी करण्याची कुणाची छाती होईना. बुंध्यांना धुमारे फुटले, शेळ्या बाहेर राहिल्या, रान पुन्हा दिसायला लागलं.

पुष्पाचं लग्नही झुलालमुळंच जमलं. नव्या सोयऱ्यांनी चौकशी केली ती समितीच्या अध्यक्षाकडं. "देवमाणूस," झुलालनं सांगितलं, "झाडाचं पान तोडणार नाही." अध्यक्षाचा शब्द म्हणून त्यांनी तो मानला. लग्नात कौतिकनं त्याला टोपी-उपरणं दिलं. देताना त्याचा चेहरा कसनुसा झाला होता. पण मुलगी चांगल्या घरी पडली, एवढं खरं.

नाटकाचं पथक पुढं बंद पडलं. संस्थेला पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र मिळालं होतं. सत्त्याण्णव साली सर ते यंत्र घेऊन अंजनखेड्याला आले. त्यात दूर देशांतली जंगलं होती, बर्फातली अस्वलं होती. तिसऱ्या चित्राला वीज गेली. लोक उठू लागले. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "कौतिकदादाले बलावा!"

कौतिक गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून आला. साथीला कुणी नव्हतं. कंदिलाच्या उजेडात त्यानं दोन्ही कामं एकट्यानं केली. या बाजूला उभा राहून मिशी पिळायचा, त्या बाजूला जाऊन वाकायचा. घाव घालायचा, पटकन पलीकडं जाऊन तोच घाव सोसायचा. बायकांना कळेना, शिव्या द्याव्यात की रडावं. पुष्पा माहेरपणाला आली होती. लेकराला मांडीवर घेऊन ती पहिल्या रांगेत बसली होती. शेवटी कौतिक फांदी-फांदीनं खाली आला. या खेपेला सगळ्यांनी ते पाहिलं. टाळ्या ऐकत तो बराच वेळ उठलाच नाही.